पडलेला पेरू कोणाचा?

गणपतीच्या प्रसादात अळी निघणं ही काही जगबुडी नव्हे, असं जयदेवराव भोईरांचं आजही ठाम मत आहे. पेरू घरचा, अळी पेरूची, बाहेरून कोणी आलेलं नव्हतं. पण ती निघाली ती नेमकी हरेशच्या सासऱ्यांच्या हातातल्या फोडीतून. हे सासरे, म्हणजे रामभाऊ, इतके सभ्य गृहस्थ की त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोड डोळ्यांजवळ नेली आणि माहितीसाठी सांगावं तसं म्हणाले, "जिवंत आहे." आरडाओरडा केला असता तर त्या गोंधळात विषय तरी बुडाला असता. या दोन शब्दांनंतर बदलापूर गावातल्या भोईरांच्या ओटीवर अशी शांतता पसरली की पाहुण्यांनी आपापल्या फोडी ताटात परत ठेवल्याचासुद्धा आवाज आला.

हरेश हा जयदेवरावांचा धाकटा भाऊ. राहायला शिरगावात, धंदा लोकांना जागा दाखवण्याचा. घरामागच्या जागेत अर्धा हिस्सा त्याचा, आणि त्या जागेत उभी असलेली पेरूची बारा झाडं जयदेवरावांची. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी ती कलमं लावली. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत त्यांनी अख्खी नोकरी सेफ्टी आणि हाउसकीपिंग खात्यात काढली होती, आणि तिथे साधी बादली इकडची तिकडे करायची तरी वरच्या साहेबाची सही लागायची. ही झाडं म्हणजे आयुष्यात कुणाच्याही सहीवाचून केलेली त्यांची पहिली गोष्ट. त्यामुळे झाडांवर त्यांचा जीव होता, आणि झाडांच्या फळांवर फळमाशीचा.

"दादा, नाक कापलं आपलं," पाहुणे गेल्यावर हरेश म्हणाला. "तीन वर्षं झाली, एक पेरू धड खाल्लाय का कोणी? आता झाडं काढू आणि टर्फ टाकू."

टर्फ म्हणजे हिरवं प्लॅस्टिकचं गवत अंथरायचं, चारी बाजूंनी उंच जाळी मारायची, वर डोळे दिपवणारे दिवे लावायचे आणि दिवसभर नोकरी करून दमलेल्या पोरांना तिथे क्रिकेट खेळून आणखी दमू द्यायचं. बदलापुरात हल्ली ज्याच्याकडे मोकळी जागा आहे त्याला एक तर बिल्डर भेटतो, नाहीतर टर्फ सुचतं. हरेशला दोन्ही झालं होतं.

जयदेवराव तापले. तापल्यावर माणसाने बोलू नये हे ते कंपनीत पंचवीस वर्षं इतरांना शिकवत आले होते. "पुढच्या गणपतीला तू स्वतः बागेत जायचं," ते म्हणाले. "तुला हवे ते पाच पेरू आणायचे. आरती झाल्यावर इथे सगळ्यांसमोर कापायचे. एकात जरी अळी निघाली तर घाल तुझं टर्फ. नाही निघाली तर पुन्हा त्या जागेचं नाव काढायचं नाही."

"अहो, पाच?" आतून त्यांच्या पत्नीचा, नूतनताईंचा आवाज आला. "एकावर आटपलं असतं."

पण शब्द गेला तो गेला. रामभाऊंना साक्षीला धरलं गेलं. त्यांनी पुढच्या वर्षी चष्म्याचा नंबर तपासून येण्याचं कबूल केलं.

मग उल्हासनगरला फळबागांच्या स्वच्छतेवर एक शिबिर होतं, तिथे जयदेवराव पहिल्या रांगेत जाऊन बसले. स्वच्छता या शब्दानेच त्यांना भरून आलं. म्हणजे हे हाउसकीपिंगच की! औषधांची फवारणी, खतांची नावं यांत त्यांना गती नव्हती, पण जमिनीवर पडलेली वस्तू कोणी उचलायची या विषयावर ते एमआयडीसीतल्या कुठल्याही माणसाला पाणी पाजू शकत होते.

शिकवायला सुषमा मॅडम म्हणून एक तरुण बाई होत्या. "माशीच्या मागे धावू नका काका, ती तुमच्यापेक्षा चपळ आहे," त्या म्हणाल्या. "तिची अंडी फळात. अळी फळात वाढते, फळ गळून खाली पडतं, अळी मातीत शिरते आणि काही दिवसांनी माशी होऊन वर येते. म्हणून पडलेलं फळ रोज उचलायचं. खोल पुरायचं, नाहीतर काळ्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायचं. झाडाखालची माती हलवायची, फांद्यांची दाटी छाटायची आणि फळ झाडावर पिकून गळेपर्यंत ठेवायचं नाही. सापळे लावा, पण झाडलोट नसेल तर सापळ्याचा उपयोग नाही."

जयदेवरावांनी हात वर केला. "आणि शेजाऱ्याच्या झाडाखाली पडलेलं फळ?"

मॅडम पाणी प्यायल्या. "ते शेजाऱ्यावर आहे," त्या म्हणाल्या, आणि घाईने पुढच्या विषयाकडे वळल्या. जयदेवरावांना तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

उन्हाळ्यात त्यांनी फांद्या छाटल्या, माती हलवली, सापळे टांगले. पावसाळी पेरू धरला आणि गळायला लागला तशी त्यांनी बादली हातात घेतली. रोज सकाळी बागेतून फिरून पडलेला एकूणएक पेरू उचलायचा आणि पालापाचोळ्याच्या जुन्या खड्ड्यात टाकून वर हातभर सुद्धा नव्हे, वीतभर माती लोटायची. थोडे दिवस सगळं झकास चाललं. मग एका सकाळी त्या खड्ड्यातून माश्या वर यायला लागल्या. गडबड नाही, घाई नाही, एकामागून एक, पाळी सुटल्यावर कामगार गेटातून बाहेर पडतात तशा.

त्यांनी मॅडमना फोन लावला. मॅडमनी खड्डा किती खोल विचारलं. वर वीतभर माती आहे, असं जयदेवरावांनी सांगितलं. "काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांना पाळणाघर काढून दिलंत."

पाळणाघर हा शब्द जयदेवरावांना लागला. ज्या माणसाच्या खात्यात तेलाचा एक थेंब जमिनीवर दिसला तर चौकशी बसायची, त्याने स्वतःच्या हाताने माश्यांची पैदास करावी? त्यांनी त्याच दिवशी कंबरभर खोल खड्डा खणला. खणून झाला तेव्हा खड्डा सरळ होता आणि कंबर वाकडी. नूतनताईंनी मलम चोळताना एवढंच विचारलं की टर्फवर खेळणाऱ्यांची पण कंबर धरते का.

खरी पंचाईत पुढे होती. तिचं नाव गोदूबाई.

गोदूबाई म्हणजे कुंपणापलीकडच्या काकी. नात्याने लांबच्या, पण वयाने आणि आवाजाने सगळ्या आळीच्या काकी. त्यांच्या अंगणात पेरूची दोन जुनी झाडं होती. छाटणी नाही, काही नाही, फळ मात्र वेड्यासारखं. एका सकाळी त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"जयदेवा, यो काय करतंस रं?"

काकींशी बोलताना जयदेवरावांची साहेबी मराठी आपोआप गळून पडायची. "परलेलं पेरू येचतंय, काकी."

"खाली परलेलं? तुज्याच झाराचं?"

"हां."

"आनी खातंस?"

"नाय, पुरतंय."

काकींनी तोंडाला पदर लावला. त्या काही बोलल्या नाहीत, आणि गोदूबाई काही बोलल्या नाहीत म्हणजे दुपारपर्यंत सगळीकडे बोलणार हे ठरलेलं.

याला कारण होतं. झाडावरचं फळ मालकाचं. मालकाला विचारल्याशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही. पण फळ खाली पडलं की ते मालकाचं राहत नाही, ही त्या आळीची जुनी रीत. ते येणाऱ्या-जाणाऱ्याचं. शाळेतून येणारी पोरं घेतील, मोळी घेऊन डोंगरावरून उतरलेल्या बायका ओटीत टाकतील, कुणाची शेळी खाईल. मालकाने त्यासाठी वाकायचं नाही. पडलेल्या फळासाठी वाकणारा मालक म्हणजे हलकट, आणि वाकून ते उचलून वर पुरून टाकणारा म्हणजे तर दुसऱ्याच्या तोंडातला घास मातीत घालणारा. कंपनीत रीत उलटी होती. जमिनीवरची वस्तू ज्याच्या हद्दीत त्याने उचलायची. दोन्ही रीतींत वाढलेले जयदेवराव नोकरीच्या नादात पहिली साफ विसरून गेले होते.

संध्याकाळपर्यंत भोईरांची पेन्शन बंद झाल्याची बातमी वाण्याकडे पोचली. वाण्याने नूतनताईंना, त्यांनी न मागता, सामान पुढच्या महिन्याच्या खात्यावर देऊ केलं. नूतनताई घरी आल्या आणि पिशवी आपटून म्हणाल्या, "आता तरी ती बादली लपवून न्या."

"लपवून?" जयदेवराव म्हणाले. "मी चोरी करतोय का?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुनी बादली टाकून लालभडक बादली आणली. आळीच्या दुसऱ्या टोकावरून दिसावी म्हणून.

तरीही पेरूंना अळ्या लागतच राहिल्या, कमी, पण लागत राहिल्या. कारण त्यांनी आपल्या कुंपणापर्यंत जमीन आरशासारखी ठेवली आणि पलीकडे काकींच्या अंगणात पेरूंचा सडा पडलेला. माशीला कुंपण कळत नाही. जयदेवराव काकींना समजवायला गेले.

"काकी, तुमचं परलेलं मी उचलून नेऊ का?"

"कना? ते माजं हाय का देयाला? येनाऱ्या-जानाऱ्याचं हाय."

"आता येनारं-जानारं खातात कुठं? समदे दुकानातलं सफरचंद खातात. तुमचं पेरू नुसत्या माश्या खातात."

"मंग माश्या येनाऱ्या-जानाऱ्याच हायत," काकी म्हणाल्या आणि तांदूळ पाखडायला घेतले.

जयदेवराव परत आले आणि दुसऱ्या बाजूला वळले.

दुसऱ्या बाजूला हरिप्रिया हाइट्स नावाची सोसायटी होती. तिच्या पार्किंगमागे तीन पेरूची झाडं होती, बिल्डरने जाहिरातीत 'निसर्गरम्य परिसर' म्हणून सोडलेली. सेक्रेटरी महेश मोटवानी. उल्हासनगरात त्यांचं प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं दुकान, राहायला इकडे.

"जयदेवभाऊ, मेरेको पर्सनली काय प्रॉब्लेम नाय," मोटवानी म्हणाले. "पण कमिटी आहे ना. एनओसी लागेल."

"सडके पेरू उचलायला?"

"साईं, उचलने का नहीं है. अंदर आने का है."

कमिटीची सभा झाली. जयदेवराव बाहेर बाकावर बसले होते. आत कुणीतरी विचारलं की हा माणूस फुकट का उचलतो, यात याचा फायदा काय? कुणी म्हणालं, आज पेरू नेतो, उद्या झाडांवर हक्क सांगेल. आणि एका सदस्याने विचारलं की झाडाखाली असताना यांच्या डोक्यात पेरू पडला तर जबाबदारी कुणाची? बाहेर बसलेल्या जयदेवरावांनी कपाळावर हात मारला. अगदी हाच प्रश्न विचारून विचारून त्यांनी उभ्या नोकरीत लोकांची कामं अडवली होती.

परवानगी मिळाली ती अटीवर. डोक्यावर हेल्मेट पाहिजे आणि गेटवर रोज नोंद पाहिजे. जयदेवरावांनी माळ्यावरून कंपनीचं पिवळं हेल्मेट आणि नारिंगी जाकीट काढलं. वॉचमन रोज सकाळी गंभीरपणे विचारायचा, "काम क्या है?" आणि जयदेवराव तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "सडलेले पेरू." गॅलरीत उभं राहून चहा पिणाऱ्या लोकांनी त्यांचे फोटो काढले. कुणीतरी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, तिथून ते हरेशकडे गेले, आणि हरेशचा फोन आला. "दादा, सासरेपण बघतात रे हे. काय अवतार आहे हा?"

"सासऱ्यांना सांग, चष्मा पुसून नीट बघा," जयदेवराव म्हणाले आणि फोन ठेवला.

सोसायटीचा माल आल्यावर खड्डा पुरेना. मग काळ्या पिशव्या आल्या, त्या अर्थातच मोटवानींच्या दुकानातून. ("एकदम जाडी देता हूँ, जयदेवभाऊ, अळी क्या, हाथी भी बाहर नहीं आएगा.") तोंड बांधून त्या उन्हात रचल्या. ऊन लागल्यावर आत जे काही व्हायचं ते होऊ लागलं आणि वास सुटला. वास आंबूस, गोडसर, आणि गावातल्या जुन्या माणसांच्या ओळखीचा. दोन दिवसांत बातमी पसरली की पेन्शन बंद झाल्यामुळे जयदेव पेरूची गाळायला लागला. एकदोघे ओळखीचे रिकामी बाटली घेऊन संध्याकाळी सहज म्हणून चक्कर मारून गेले.

मग हवालदार आले. जयदेवरावांनी त्यांना खुर्ची दिली, सगळं समजावलं, माशीची पिढी सांगितली, कोष सांगितला. हवालदारांचा विश्वास बसेना. "पिशवी उघडा," ते म्हणाले.

"साहेब, उघडायची नसते."

"म्हणजे आत काहीतरी आहे."

"आहेच. म्हणून उघडायची नसते."

हवालदारांनी स्वतःच गाठ सोडली आणि वाकून आत बघितलं. मग ते पटकन उठून नळाकडे गेले, आणि तिकडून बराच वेळ आले नाहीत. जयदेवरावांनी तेवढ्यात गाठ पुन्हा मारली. परतताना हवालदार ओल्या तोंडाने म्हणाले, "आमच्या क्वार्टरच्या मागे पण एक झाड आहे. तिथलंही न्याल का?"

हे शब्द कुणीतरी ऐकले. दुसऱ्या दिवसापासून भोईरांच्या फाटकाशी वस्तू यायला लागल्या. आधी सडके पेरू, मग सडकी पपई, मग फणसाची सालं, मग एक फाटकी गादी. गादीला फळमाशी लागत नाही हे जयदेवराव कुणाला सांगणार? ज्यांनी त्यांना कालपर्यंत कंजूस म्हटलं तेच आज रात्री अंधारात येऊन कचरा ठेवून जात होते. नूतनताईंनी फाटकावर पाटी लावायला सांगितली. जयदेवरावांनी लावली: 'येथे फक्त पेरू स्वीकारले जातील.' नूतनताईंनी ती वाचली आणि त्या दिवशी नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

गणपती आठवड्यावर आले. त्या संध्याकाळी जयदेवराव बागेत एकटेच उभे होते. सोसायटीची जमीन स्वच्छ, आपली स्वच्छ, आणि कुंपणापलीकडे काकींचं अंगण पिवळं धमक. त्यांना एकदम रडू आलं. म्हणजे डोळ्यांत पाणी आलं. भोईर रडत नसत. बारा झाडं जातील. तिथे रात्री दिव्यांच्या उजेडात पोरं ओरडतील आणि आपण खिडकी लावून आत बसू. आणि हे सगळं का, तर एका म्हातारीने माशीला वाटसरू ठरवलं म्हणून. मग वाटसरू हा शब्द एकदम त्यांच्या डोक्यात अडकला, आणि रात्री जेवताना ते स्वतःशीच हसले. नूतनताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

सकाळी ते बादली घेऊन आपल्या बागेत गेलेच नाहीत. रस्त्याने वळसा घालून गेले. नदीकडे जाणारी पायवाट काकींच्या अंगणातूनच जात होती आणि तिच्यावरून जायला कधीच कुणाला बंदी नव्हती. जयदेवराव त्या वाटेवरून चालत आले. हळू, डौलात, नदीवर जाणारा माणूस जावा तसे. झाडाखाली थांबले, वाकले आणि एक पेरू उचलून बादलीत टाकला. मग दुसरा.

काकी दातवण टाकून उठल्या. "जयदेवा, काय चाललंय?"

"काय नाय, काकी. मी जातोय."

"कुठं जातंस?"

"असाच. येतोय नि जातोय." त्यांनी तिसरा पेरू उचलला. "येनाऱ्या-जानाऱ्याचं हाय ना?"

काकींचं तोंड उघडं राहिलं. रीत त्यांचीच होती. जयदेवरावांनी सगळं अंगण वेचून घेतलं आणि नदीच्या दिशेने चार पावलं उगाच पुढे जाऊन मग मागच्या बाजूने घरी आले.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या बागेत पोचले तर काकी आधीच तिथे उभ्या, ओच्यात चारपाच पडलेले पेरू. "तुजं तू येचायचं नाय," त्या म्हणाल्या. "वाकलास तर गाव हसतो. मी तुज्या वाटंनं जाते, तू माज्या वाटंनं जा." आणि त्या खाली बघत झाडामागून झाड पुढे सरकल्या. त्यांची नजर इतकी बारीक की पानाखाली लपलेलं, बोराएवढं फळसुद्धा सुटलं नाही. जयदेवराव त्यांच्या अंगणात, त्या जयदेवरावांच्या बागेत. हाउसकीपिंगची अशी पाळी त्यांनी कुठल्याच कंपनीत पाहिली नव्हती. मोटवानींना हे कळलं तेव्हा त्यांनी सोसायटीतल्या लोकांनाही सकाळच्या फेरीत हीच पायवाट दाखवली. ("कमिटी की परमिशन नहीं लगती, साईं, चलने का ही तो है.")

गणपती आले. सकाळपासून मूर्ती, मखर, पाहुणे. त्या दिवशी सकाळची फेरी कुणाचीच झाली नाही. हरेश पांढराशुभ्र कुर्ता घालून आला, आणि त्याच्याबरोबर रामभाऊ नवा चष्मा लावून. आरती व्हायच्या आधी हरेश एकटाच टोपली घेऊन बागेत गेला. चार पेरू त्याने खालच्या फांद्यांवरून तोडले. पाचव्यासाठी हात घातला तर त्या फांदीवर तांबड्या मुंग्या. दोन मनगटावर चढल्या. हरेशने हात झटकला, कुर्ता तपासला, आणि गवतात पडलेला एक छान, मोठा, पिवळा पेरू त्याला दिसला.

आरती झाली. ओटीवर विळी मांडली. नूतनताईंनी पहिला पेरू कापला. रामभाऊंनी चष्मा वर केला, फोडी उलटसुलट बघितल्या. "नाही," ते म्हणाले. दुसरा, नाही. तिसरा, नाही. चौथ्याला जयदेवरावांचा श्वास मोकळा झाला आणि त्यांनी पहिल्यांदाच गणपतीकडे नीट बघितलं. नूतनताईंनी पाचवा कापला. रामभाऊ वाकले. ते बराच वेळ वाकलेले होते.

"जिवंत आहे," ते म्हणाले. यावेळी त्यांना खरंच वाईट वाटलं.

"दादा, ठरल्याप्रमाणे," हरेश हळूच म्हणाला. जयदेवरावांनी मान हलवली. शब्द त्यांचा होता आणि ते शब्द फिरवणारे नव्हते. "ठरलं होतं," ते म्हणाले.

"थांबा," मागून आवाज आला. गोदूबाई पुढे सरकल्या. त्यांनी त्या पेरूचा अर्धा तुकडा उचलला, साल अंगठ्याने पुसली, एका बाजूचा चेमटलेला डाग बघितला. "हरेशा, यो झारावरनं कारलास का भुयीवरनं उचाललास?"

हरेशने गणपतीकडे बघितलं, मग काकींकडे बघितलं. दोघांसमोर खोटं बोलणं जमेना. "खाली होता. पण काकी, झाड दादाचंच ना?"

"झार त्याचं. परल्यावर पेरू त्याचा नाय. तू येत होतास, तुला गावला, तू उचाललास. तुजा झाला." काकींनी तुकडा ताटात परत ठेवला. "कीरा तुज्या पेरूत निंगाला."

"मग दादा रोज पडलेले वेचतो ते?"

"तो माजं येचतो. त्याचं मी येचते. ईचार गावाला."

हरेशने आशेने सासऱ्यांकडे बघितलं. रामभाऊंनी चष्मा काढून खिशात ठेवला. "आमच्याकडेही अशीच रीत आहे, हरेशराव," ते म्हणाले. "झाडाचे चार झाले. चारही स्वच्छ आहेत."

"पण ठरले पाच होते," हरेश म्हणाला.

जयदेवराव उठले. बागेत गेले. ती मुंग्यांचीच फांदी होती. त्यांनी हात घातला, मुंग्या चावल्या, चावू दिल्या, आणि हिरवट पिवळा पेरू तोडून परत आले. नूतनताईंनी विळी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली. गेल्या चार वर्षांत भोईरांच्या घरात कापून, उजेडात धरून बघितल्याशिवाय कोणी पेरूला तोंड लावलं नव्हतं. जयदेवरावांनी तो पेरू सदऱ्याला पुसला आणि सगळ्यांसमोर कचकन चावा घेतला. चावल्या जागी बघितलंसुद्धा नाही. ते हरेशकडे बघत चावत राहिले. बाकी सगळे पेरूकडे बघत होते. पेरू आतून पांढरा होता.

त्यांनी तो उष्टा पेरू हरेशपुढे केला. हरेशने तो फिरवून बघायला सुरुवात केली.

"बघू नको," काकी म्हणाल्या. "खा."

हरेशने खाल्ला. खाताना त्याचा चेहरा हळूहळू बदलला, कारण पेरू खरोखरच चांगला होता आणि चांगला पेरू खाताना माणसाला फार वेळ रागात राहता येत नाही. टर्फचं नाव त्याने काढलं नाही. रामभाऊंनी एक फोड मागून घेतली, मग आणखी एक.

ताटात तो अळीचा पेरू तसाच पडून होता. नूतनताई तो उचलायला वाकल्या तशी जयदेवरावांनी त्यांना थांबवलं. ते आत गेले, लाल बादली घेऊन आले आणि हरेशच्या पायाशी ठेवली. कोपरापर्यंत त्यांचा हात मुंग्यांनी लाल झाला होता.

"तुझा आहे," ते म्हणाले. "तूच उचल."

हरेशने पांढऱ्या कुर्त्याच्या बाह्या वर सरसावल्या, वाकला आणि दोन्ही अर्ध्या फोडी बादलीत टाकल्या.